सिमेंटला पाणी किती आणि केव्हा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घराचे बांधकाम काढलेल्या वाचकांकडून सिमेंटविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे एकापाठोपाठ वाचताना जाणवले, की शब्द निरनिराळे असले तरी बहुतेकांची अडचण सिमेंट आणि पाणी यांच्या नात्यापाशीच येऊन थांबते. म्हणून त्या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न (बार्शी) : स्लॅब टाकताना गवंड्याने मिक्सरमध्ये पाईपने पाणी सोडले. माल पातळ असला की सळयांमध्ये चांगला बसतो, असे तो म्हणतो. दोन दिवसांत स्लॅब सुकलाही. हे योग्य झाले काय?

उत्तर : ‘सुकला’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा. कपडा वाळतो तो पाणी उडून गेल्यामुळे, तर सिमेंट कठीण होते ते पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया झाल्यामुळे. या क्रियेतून सिमेंटच्या कणांभोवती अतिसूक्ष्म तंतूंसारखा पदार्थ वाढतो, तो एकमेकांत गुंततो आणि वाळू व खडीला धरून ठेवतो. पुलाच्या पायातील काँक्रीट पाण्याखाली असतानाही घट्ट होते, ते याच कारणाने.

या क्रियेसाठी ५० किलोच्या एका पोत्यामागे साधारण १२ लिटर पाणी खर्ची पडते. एवढ्याच पाण्यात माल कालवता येत नाही आणि पसरवताही येत नाही, म्हणून काही पाणी जास्तीचे घालावेच लागते. परंतु ते २५ लिटरच्या आसपास राहील असे पाहावे. भारतीय मानक ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाची नियमावली, हिच्यात एम-२० (२८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद) प्रतीच्या, प्रमाणाने मोजून केलेल्या काँक्रीटसाठी पोत्यामागे ३० लिटर ही कमाल मर्यादा दिलेली आहे, आणि ओल्या वाळूबरोबर येणारे पाणीही त्यातच धरायचे असते. त्यापुढचे पाणी कोणत्याही उपयोगाचे नसते. ते काही काळाने उडून जाते आणि मागे केसासारखी बारीक छिद्रे ठेवते. त्या छिद्रांतून पुढे पावसाचे पाणी झिरपते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आठ-दहा वर्षांत छताचे पोपडे खाली येऊ लागतात.

माल फार पातळ झाला आहे हे ओळखायला उपकरण लागत नाही. काम चालू असताना सेंट्रिंगच्या बाजूला उभे राहून वर पाहावे. पत्र्यांच्या फटींतून राखाडी, दुधासारखे पाणी ठिबकत असेल, तर ते आपण पैसे देऊन आणलेले सिमेंट आहे आणि ते जमिनीत चालले आहे, असे समजावे. माल सळयांमध्ये नीट बसावा ही गवंड्याची काळजी रास्त आहे. मात्र ते काम व्हायब्रेटरने करायचे असते, आणि सळयांची दाटी फार असेल तर प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन, वापरता येते. पुढच्या कामाच्या वेळी मिक्सरजवळचा पाईप काढून तेथे मापाची बादली ठेवावी. आपला आताचा स्लॅब वाया गेला असे मात्र नाही. यापुढे त्याला पाणी भरपूर द्यावे.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणी असते. स्लॅबवर किती दिवस पाणी मारणे आवश्यक आहे?

उत्तर : कालवताना जे पाणी जपून वापरायचे, तेच नंतर सढळ हाताने द्यायचे असते. वर सांगितलेली क्रिया पहिल्या एक-दोन आठवड्यांत वेगाने चालते, आणि त्या काळात पृष्ठभाग कोरडा पडला तर ती मध्येच थांबते व वर जाळीसारख्या तडा जातात. साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित, म्हणजे पीपीसी, सिमेंटला किमान १० दिवस ओलावा लागतो. लातूरच्या कोरड्या हवेत १४ दिवस धरणे उत्तम. दिवसातून दोनदा पाईप फिरवण्याला ओलावा ठेवणे म्हणता येणार नाही, कारण एप्रिलच्या उन्हात तो स्लॅब तासाभरात पांढरा पडतो.

स्लॅबसाठी खात्रीची पद्धत म्हणजे आळी बांधणे. स्लॅब घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर हलक्या मालाचे बोटभर उंच बांध घालून चौकोन करावेत व त्यांत पाणी उभे करावे. ५०० चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाणी उभे करायला सुमारे १,२०० लिटर लागतात. त्यानंतर रोज केवळ उडालेल्या पाण्याची भर घालायची असते. कॉलमला भिजवलेले गोणपाट गुंडाळून त्यावर प्लास्टिकचा कागद बांधल्यास ओल दिवसभर टिकते. टँकरची तरतूद पक्की झाल्याखेरीज स्लॅबचा दिवस ठरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बोअरचे पाणी मचूळ असेल तर ते टाळावे. पिण्याजोगे पाणी ते सिमेंटजोगे, हा ढोबळ नियम पुरेसा आहे.

सेंट्रिंगबाबतही घाई नको. साध्या पोर्टलँड सिमेंटचा स्लॅब साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा (दोन आधारांमधील अंतराचा) असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस आणि सहा मीटरहून लांब बीमखालचे टेकू २१ दिवस ठेवावेत. पीपीसी असेल तर त्याहून अधिक.

प्रश्न (पंढरपूर) : दुकानदार ५३ ग्रेडच घ्या असे सांगतो. घरासाठी ४३, ५३ आणि पीपीसी यांपैकी काय घ्यावे?

उत्तर : ग्रेडचा आकडा दर्जा सांगत नाही, ताकद सांगतो. प्रमाणित वाळूबरोबर केलेला ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान किती न्यूटन दाब सहन करतो, एवढाच त्याचा अर्थ. ५३ ग्रेड लवकर ताकद धरते. उंच इमारती, पूर्वताणित (आतल्या पोलादी तारा ताणून केलेल्या) तुळया अशा कामांत तिचा फायदा होतो. परंतु तिच्यातून उष्णताही लवकर निघते, आणि गिलाव्यात ती वापरून पाणी कमी दिले तर तडांचे प्रमाण वाढते. घराच्या बहुतेक कामांना पीपीसी चांगले. त्यातील औष्णिक वीज केंद्राची बारीक राख, सिमेंटच्या क्रियेतून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून सावकाश आणखी घट्टपणा देते आणि काँक्रीट अधिक अभेद्य होते. सुरुवातीस ते थोडे संथ असते, म्हणूनच त्याला जास्त दिवस पाणी लागते. आकड्यापेक्षा पोत्यावर छापलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष आधी पाहावे.

प्रश्न (महाड) : पावसाळ्यापूर्वी आणलेली १५ पोती पडवीत राहिली. आता वापरावीत काय?

उत्तर : कोकणातल्या पावसात सिमेंट हवेतूनच पाणी ओढून घेते आणि पोत्यातल्या पोत्यात त्याची क्रिया सुरू होते. तीन महिने झालेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटलेली असते आणि तपासणी केल्याशिवाय ते महत्त्वाच्या कामात घेऊ नये. पोत्यात हात घालून पाहावा : चांगले सिमेंट थंड व पिठासारखे मऊ लागते. खडे हाताला आले आणि ते बोटांनी चुरून पीठ झाले तर ते सिमेंट फरशीखाली किंवा कोब्यात वापरता येईल. चुरले नाहीत तर ते पोते टाकून द्यावे. स्लॅब व कॉलममध्ये यातले काहीही घालू नये. पुढच्या खेपेस पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर, दहाहून अधिक थर न रचता आणि वरून प्लास्टिक झाकून ठेवावीत.

प्रश्न (वाई) : आमच्या जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतींना खालून ओल येत होती. सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन वर्षांत तो फुगून पडू लागला. सिमेंट कमी पडले काय?

उत्तर : सिमेंट कमी पडले नाही, तेथे ते नकोच होते. घाण्यात मळलेल्या चुन्याची भिंत ओल शोषते आणि ती हवेत सोडूनही देते. पायातून वर चढणारे पाणी पूर्वी पृष्ठभागातून उडून जात होते. सिमेंटच्या घट्ट थराने ती वाट बंद केली, तेव्हा ओल आणखी वर चढली आणि तिच्यातील क्षार गिलाव्यामागे साचून त्यांनी तो ढकलला. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. त्याशिवाय जुनी भिंत किंचित हलते, चुना ते हलणे सोसतो. सिमेंट सोसत नाही आणि सुटताना मऊ विटेचा थरही सोबत घेऊन येते. मी असा गिलावा उतरवताना पाहिला आहे. मागची वीट हाताने खरवडली तरी तिची भुकटी पडत होती, आणि ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण ती भिंत त्याआधी कितीतरी पावसाळे धड उभी होती. आपण सिमेंटचा गिलावा सावकाश, ठोके न देता काढून घ्यावा, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवावी, अंगणाचा उतार वाड्यापासून दूर करावा आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी शोधावे लागतील, पण शोधावेत.

प्रश्न (वेंगुर्ले) : किनाऱ्यावरची वाळू चालेल काय?

उत्तर : सळई असलेल्या कामात मुळीच नाही. तिच्यातील मिठामुळे लोखंड आतून गंजते. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्यावी.

प्रश्न (राजुरा, शालेय विद्यार्थिनी) : आमच्या भागात सिमेंटचे कारखाने आहेत. घरांखेरीज सिमेंट कुठे वापरतात?

उत्तर : तुझ्या जिल्ह्यातला चुनखडक आणि थोडी मातीसारखी द्रव्ये फिरत्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की क्लिंकर नावाचे काळपट गोटे तयार होतात. ते थोड्या जिप्समसह दळले की सिमेंट होते. जिप्सम नसते तर पाणी लागताच माल आळला असता आणि गवंड्याला थापी फिरवायलाही वेळ मिळाला नसता. इंग्लंडच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये ‘पोर्टलँड’ हे नाव दिले, ते तेथील पोर्टलँड बेटावरच्या दगडासारखे दिसते म्हणून.

उपयोग अनेक आहेत. मला त्यांतला विशेष वाटतो तो तेलविहिरींचा. मुंबई हायसारख्या ठिकाणी समुद्रतळाखाली खोल छिद्र पाडून त्यात पोलादी नळी सोडतात आणि नळी व खडक यांमधली पोकळी सिमेंटच्या पातळ लगद्याने भरतात. खोलवरच्या उष्णतेत आणि दाबाखाली ते वेळेआधी घट्ट होऊ नये, म्हणून त्याची घडणच वेगळी असते. धरणात उलट अडचण असते : काँक्रीटचा आकार इतका प्रचंड, की सिमेंटची उष्णता आत कोंडून तडा जाऊ शकतात. अकोले तालुक्यातील घाटघरच्या धरणात यासाठी राखेचे प्रमाण मोठे असलेले, कमी पाण्याचे काँक्रीट थरांनी पसरून रस्त्यासारखे रोलरने दाबले. या पद्धतीचे ते भारतातले पहिले धरण. पांढऱ्या सिमेंटमध्ये लोहाचा अंश अगदी कमी ठेवतात, म्हणून ते पांढरे. फरशीच्या दरजा तू त्यानेच भरलेल्या पाहिल्या असतील.

प्रश्न (इचलकरंजी) : माझे पती गवंडीकाम करतात. त्यांच्या बोटांना चिरा पडतात, रात्री हाताची आग होते. उपाय काय?

उत्तर : ओले सिमेंट तीव्र अल्कलीधर्मी असते, ते कातडीतला तेलकटपणा खाऊन टाकते आणि वाळू तीच कातडी घासते. काहींना सिमेंटमधील क्रोमियमची ॲलर्जीही होते, आणि ती एकदा जडली की थोड्याशा मालानेही उसळते. त्यांनी आतून कापडी अस्तर असलेले रबरी हातमोजे वापरावेत, आत माल गेल्यास मोजे लगेच बदलावेत, गुडघे टेकून कोबा करताना पँट भिजू देऊ नये, कारण ओल्या कापडाखाली काही तासांत भाजल्यासारखी जखम होते. जेवणापूर्वी आणि काम सुटताना हात स्वच्छ पाण्याने धुवावेत, मालाच्या टाकीतल्या पाण्याने नव्हे, आणि रात्री खोबरेल लावावे. चिरा भरत नसतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे व गवंडीकाम करतो हे त्यांना आवर्जून सांगावे. डोळ्यात माल उडाला तर चोळू नये. किमान १५ मिनिटे सतत पाणी सोडून डोळा धुवावा आणि काम तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.