बाहेरच्या प्लास्टरमधली फायबर जाळी: वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की भिंतीवरच्या भेगांची पत्रं येऊ लागतात. यंदा त्यातली बरीचशी फायबर ग्लासच्या जाळीबद्दल आहेत. काही ठेकेदार तिला रामबाण समजतात, काही जण फालतू खर्च म्हणून उडवून लावतात. दोन्ही टोकांना नुकसान घरमालकाचंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न (रत्नागिरी): आरसीसीचा सांगाडा आणि जांभ्या चिऱ्याच्या भिंती असं घर बांधतोय. दिवाळीनंतर बाहेरचं प्लास्टर. ठेकेदार म्हणतो कोंबडी जाळी (जस्त चढवलेल्या तारेची) मारू, इंजिनीअर म्हणतो फायबरची. कोणाचं ऐकू?

इंजिनीअरचं. आधी जाळी कशाला लागते ते बघू. बीम-कॉलम काँक्रीटचे, भिंत चिऱ्याची. उन्हाने तापताना, रात्री निवताना आणि पावसात भिजून वाळताना दोघांची हालचाल सारखी होत नाही. त्यामुळे दोघांच्या सांध्यावर प्लास्टरला ताण बसतो आणि बीमखालून सरळ आडवी भेग जाते. जाळी हा ताण रुंद पट्ट्यात वाटून देते. एका जागी उघडणारी मोठी भेग न पडता केसाएवढ्या बारीक रेघा पडतात, त्यांतून पाणी शिरत नाही आणि रंगाखाली त्या दिसतही नाहीत. जाळीचं काम एवढंच. ती भिंतीचा भार पेलत नाही.

कोंबडी जाळीही हेच काम करते आणि कोरड्या भागात वर्षानुवर्षं नीट टिकते. पण तुमच्याकडे हवेत खार आहे. बारीक तारेवरचा जस्ताचा थर फार पातळ असतो आणि तिच्यावर प्लास्टर जेमतेम सेंटीमीटरभर. तार गंजली की फुगते आणि वरचा थर ढकलून काढते. वाळू खाडीची, न धुतलेली असेल तर गंज आतूनच सुरू होतो. काचेच्या धाग्याला गंज नाही. म्हणून किनारपट्टीवर मी फायबरचीच जाळी सांगतो.

आता बसवायची कशी, कारण खरी चूक इथे होते. बहुतेक साइटवर गवंडी जाळी थेट बीमवर आणि चिऱ्यावर खिळ्यांनी ठोकतो आणि वरून प्लास्टर थापतो. जाळी भिंतीला चिकटून राहते, तिच्या मागे मसाला जात नाही, आणि तिथलं प्लास्टर पुढे पोकळ वाजतं. जाळी प्लास्टरच्या पोटात हवी, तीही बाहेरच्या अर्ध्या जाडीत. आधी काँक्रीटवर छिन्नीने टोचे मारून पृष्ठभाग खरबरीत करा, भिंत ओली करा. १२ ते १५ मिलिमीटरचा पहिला थर द्या. तो ओला असतानाच जाळी ताणून ठेवा आणि मधून कडेकडे थापीने दाबत जा, म्हणजे मसाला भोकांतून वर येईल. जाळी दिसेनाशी झाली पाहिजे, पण खोल बुडाली नाही पाहिजे. मग खालचा थर सावरला की ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा थर. टेकूपुरते खिळे मारले असतील तर ते काढून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीवर तांबडे ओघळ दिसतील.

पट्टा सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर, म्हणजे एकूण फूटभर रुंद हवा. जिथे जाळी जोडायची तिथे १० सेंटीमीटर एकावर एक. खिडकी-दरवाज्यांच्या चारही कोपऱ्यांवर साधारण २० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा तिरका, ४५ अंशांत लावायला सांगा. कोपऱ्यातून निघणारी भेग तिरकी जाते, म्हणून तुकडा तिला आडवा बसला पाहिजे. हे काम मिनिटांचं आहे आणि हमखास विसरलं जातं, तेव्हा त्या दिवशी स्वतः हजर राहा.

आणि पाणी. किमान ७ दिवस, जमलं तर १० दिवस प्लास्टर ओलं ठेवा. दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. पश्चिमेच्या भिंतीवर गोणपाट सोडा.

प्रश्न (सांगली): दुकानात ६० रुपयांपासून पुढे सगळ्या भावाच्या जाळ्या आहेत, सगळ्या सारख्याच दिसतात. चांगली कशी ओळखायची?

भावावरून आणि रंगावरून ओळखू नका. निळी, नारिंगी, पांढरी हे निव्वळ रंग आहेत. सिमेंट अतिशय अल्कलीयुक्त असतं, ओल्या मसाल्याचा पीएच १२.५ च्या वर जातो. साधी काच त्यात हळूहळू विरघळते आणि धागा कुजक्या दोरीसारखा जीव सोडतो. म्हणून एकतर झिर्कोनिया मिसळलेली अल्कलीरोधक काच हवी, नाहीतर साध्या काचेवर अल्कलीरोधक पॉलिमरचा पक्का लेप. बाजारात बहुधा दुसरा प्रकार मिळतो आणि सगळी मदार त्या लेपावर असते.

दुकानातच तुकडा मागा. दोन धागे जिथे एकमेकांना छेदतात तिथे नखाने सरकवून बघा, सरकले तर लेप कमी आहे. दोन-तीनदा घडी घाला, लेपाचा भुगा पडला तर ठेवून द्या. टोक पेटवून बघा. लेप जळेल पण काचेची जाळी तशीच राहील. सगळीच वितळून गोळा झाली तर ते प्लास्टिक आहे. वजन विचारा: बाहेरच्या कामाला दर चौरस मीटरला १४५ ते १६० ग्रॅम. ४५ ते ७५ ग्रॅमची हलकी जाळी आतल्या पुट्टीसाठी असते, तीच बाहेर खपवली जाते.

भोकाचा आकारही बघा. ४-५ मिलिमीटर भोकाची जाळी तयार पॉलिमर मसाल्याच्या पातळ थरासाठी ठीक. आपल्या वाळू-सिमेंटच्या प्लास्टरला, त्यातही क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) असेल तर, ८ ते १० मिलिमीटरची घ्या. नाहीतर खडा भोकात अडकतो आणि दोन थर वेगवेगळे राहतात.

प्रश्न (नाशिक): एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीवर १:४ चं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर केलं. तीन महिन्यांत ब्लॉकच्या सांध्यांचा नकाशाच भिंतीवर उमटलाय. जाळी लावून पुन्हा प्लास्टर करू का?

लगेच करू नका. हा ब्लॉक वाळताना आकसतो. साइटवर पावसात भिजलेले ब्लॉक तसेच रचले गेले असतील तर ते भिंतीत गेल्यावर आकसतात. त्यावर १:४ चं प्लास्टर, म्हणजे मऊ अंगावर कडक कातडं. बाहेरचा थर आतल्यापेक्षा दणकट नको, हा गिलाव्याचा जुना नियम आहे. एएसीवर १:६ किंवा त्याच्यासाठीचं तयार मिक्स, जाडी १२ ते १५ मिलिमीटर पुरते. भिंत भिजवायची नाही, नुसती शिंपडायची.

एक अख्खा उन्हाळा जाऊ द्या, आकसायचं ते आकसून होईल. मग भिंत ठोकून बघा. पोकळ वाजणारे तुकडे काढून भरा, भेगा मोकळ्या करून भरा, आणि पूर्ण भिंतीवर ३ ते ५ मिलिमीटरच्या पॉलिमर मसाल्यात १४५ ग्रॅमची बारीक भोकाची जाळी बसवा. इथे पट्टे लावून भागणार नाही, अख्ख्या भिंतीलाच हवी.

प्रश्न (पुणे): आमच्या सोसायटीची इमारत २२ वर्षांची. रंगाच्या ठेकेदाराने सगळ्या इमारतीला जाळी लावण्याचं कोटेशन दिलंय. गरज आहे का?

बहुधा नाही. परांची बांधल्यावर एक माणूस लाकडी हातोडी घेऊन सगळी भिंत ठोकत जाऊ दे आणि पोकळ भाग खडूने घेरू दे. तेवढंच प्लास्टर काढा, नव्या-जुन्याच्या सांध्यावर जाळी द्या. बारीक जाळीदार रेघांना लवचिक रंग पुरतो. मिलिमीटरभर रुंद भेगा व्ही आकारात कापून सीलंटने भरायच्या.

मात्र कॉलम-बीमच्या कडेने, सळईच्या रेषेत उभी किंवा आडवी भेग असेल आणि तांबडे डाग असतील, तर आतलं लोखंड गंजतंय. त्यावर जाळी लावणं म्हणजे दुखणं झाकणं, आणि मी त्याला सक्त विरोध करीन. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करायचं असतं. ते झालं नसेल तर रंगाच्या आधी करा.

प्रश्न (परभणी): घराच्या कोपऱ्यात विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग आहे. उन्हाळ्यात बोट जाईल एवढी होते, पावसाळ्यात मिटते. मिस्त्री म्हणतो जाळी लावली की बंद.

बंद होणार नाही. तुमची जमीन काळी. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि घराचा कोपरा तिच्याबरोबर वरखाली होतो. काचेचा धागा अगदी थोडा ताणला की तुटतो. बोटभर हालचालीपुढे तो टिकत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा मारा, दर महिन्याला दोघांतलं अंतर मोजून तारखेसह लिहा आणि वही घेऊन स्ट्रक्चरल इंजिनीअरकडे जा. तोवर छताचं पाणी पायाजवळ पडत असेल तर पाइपने लांब न्या, घराभोवती मीटर-दीड मीटर फरसबंदी बाहेरच्या उताराने करा, आणि कोपऱ्याजवळ मोठं झाड असेल तर तेही इंजिनीअरला दाखवा.

प्रश्न (फिनिक्स, अ‍ॅरिझोना): लाकडी सांगाड्यावरचं स्टकोचं (बाहेरच्या सिमेंट प्लास्टरचं) घर आहे, बारीक भेगा खूप. जाळी चालेल का?

चालेल. तिकडच्या पारंपरिक स्टकोत धातूच्या जाळीवर तीन थर मिळून ७/८ इंच जाडी असते. ते घट्ट असेल तर त्यावर पॉलिमर मसाल्याच्या थरात फायबर जाळी आणि वर फिनिश, ही रुळलेली पद्धत आहे. फक्त भिंतीच्या तळाशी पाणी बाहेर पडायची धातूची पट्टी असते, ती नव्या थराखाली बुजवू नका. आत शिरलेलं पाणी तिथूनच निघतं. ती मातीपासून निदान ४ इंच वर उघडी राहिली पाहिजे. खिडकीखाली भिंत मऊ लागत असेल तर आधी आतलं लाकूड तपासून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): प्लास्टरमध्ये पाकिटातले फायबर टाकले तर जाळी वाचेल का?

नाही. पॉलिप्रॉपिलीनचे धागे, ५० किलोच्या गोणीला १२५ ग्रॅम, ओल्या प्लास्टरच्या सुरुवातीच्या बारीक भेगा कमी करतात. बीम आणि विटेच्या सांध्यावरची भेग त्यांना आवरत नाही. तिथे दोन्ही वापरा.