आमटीतली पुडी

प्रश्न : माझे मिस्टर साखर कारखान्यात आहेत, वय 43. सकाळी उठल्या उठल्या दारू घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत. गेल्या श्रावणात एकदम सोडली, तर तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, अंथरूण झटकत बसले. सासूबाईंनी बाहेरचं समजून उतारा काढला. आता त्यांनी ‘न कळत दारू सोडवणारी’ पुडी आणलीय, आमटीतून दे म्हणतात. दवाखान्यात नेलं तर गावात बोभाटा होईल, मुलीसाठी स्थळं बघतोय. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पुडी देऊ नका. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

त्या पुडीत काय असतं ते पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, पुडीत तेच असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली की दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि मधलाच विषारी पदार्थ अंगात साचतो. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आमच्या वॉर्डातही हे औषध देतात, पण लिव्हर, हार्ट तपासून आणि पेशंटला सगळं समजावून. ‘आज गोळी घेतलीय, आज प्यायचं नाही’ हे त्याला ठाऊक असणं, यातच तिचा उपयोग. तुमचे मिस्टर काहीच ठाऊक नसताना नेहमीसारखी क्वार्टर घेतील, आणि मग रात्री गाडी शोधत पळायची वेळ तुमच्यावर.

आणि त्या मुंग्या. त्यात बाहेरचं काही नव्हतं. रोजची दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू उलटा जोर लावून काम रेटायला शिकतो. दारू अचानक थांबली की तो जोर मोकाट सुटतो. थरथर पहिल्याच दिवशी सुरू होते. भास, बडबड बहुतेक दोन-तीन दिवसांनी. फिट येते, कधी जीवही जातो. म्हणून इतकी पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. दवाखान्यात गोळ्यांच्या आधाराने आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस काढतात. मिस्टरांनी निग्रह केला होता हो, शरीर आडवं आलं. (‘श्रावण पाळतो म्हणजे बेवडा नाही’ म्हणणाऱ्या मंडळींनाही हे वाचून दाखवा.)

बोभाट्याचं म्हणाल तर, सकाळी सकाळी देशीच्या दुकानाशी उभा राहणारा माणूस गावाला दिसतच असतो. स्थळाकडचे चौकशी करतात ती चौकातल्या टपरीवर, तिथे काय लपणार? ‘वडील उपचार घेतायत’ हे तुम्हीच सांगितलेलं बरं.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. शरीर सावरलं की पुढचं काम समुपदेशनाचं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून हेच करतंय; तिथे 35 दिवस राहावं लागतं आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, त्यात तुम्ही जरूर बसा. 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मिस्टर यायला तयार नसले तरी आधी तुम्ही एकट्या फोन करा.

सासूबाईंनी पुडी आधीच चालू केली असेल, तर मिस्टरांना आजच सांगा. शिव्या खाव्या लागतील, खा. डायसल्फिराम असेल तर बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. पाकीट फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.