लायसन्स शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका

प्रश्न : आम्ही तिघे मित्र एका प्रोग्रॅमिंग स्पर्धेसाठी पायथनमध्ये टूल लिहितोय. स्कॅन केलेल्या पीडीएफमधला मजकूर वाचून ते फाइलला तारीख आणि विषयाप्रमाणे नाव देतं. पानांच्या प्रतिमा काढायला पायम्यूपीडीएफ आणि मजकूर वाचायला टेसरॅक्ट वापरलंय. प्रवेशिका ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येईल अशी हवी, ही अट आहे. कल्पना कुणी उचलू नये म्हणून रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) शेवटच्या दिवसापर्यंत प्रायव्हेट ठेवायचा आणि मग एमआयटी लायसन्स (वापरावर फारशा अटी न घालणारा परवाना) टाकून खुला करायचा, असं ठरलंय. त्यात ‘व्यावसायिक वापरास मनाई’ अशी ओळ घालता येईल का?

उत्तर : लायसन्स अजून ठरायचंय असं तुम्ही समजताय, पण पायम्यूपीडीएफ घेतलंत तेव्हाच ते बरंचसं ठरून गेलं. ही लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) एकतर एजीपीएलवर, म्हणजे आपलं टूलही त्याच अटींवर खुलं करायला लावणाऱ्या लायसन्सवर मिळते, नाहीतर पैसे मोजून व्यावसायिक लायसन्सवर. तुम्ही अर्थातच पैसे मोजले नसणार. मग ती आत घेऊन बनवलेलं टूल लोकांना द्यायचं, तर ते संपूर्ण एजीपीएलच्या अटींवर द्यावं लागतं. तुमच्या स्वतःच्या ओळींवर एमआयटी लावायला कुणी अडवत नाही, पण त्याने या अटी काही सुटत नाहीत. टेसरॅक्टची चिंता नको. त्याचं अपाची २.० लायसन्स एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर चालतं.

एमआयटीच हवं असेल तर लायब्ररी बदला. तुम्हाला फक्त पानांच्या प्रतिमा हव्यात, आणि ते काम क्रोम ब्राउझरमधलं पीडीएफियमही करतं. त्याचं लायसन्स मोकळं आहे आणि पायथनसाठी पायपीडीएफियम२ तयार आहे. मी हेच करेन. मात्र आत्ताच, मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे. निर्णय तिघांनी मिळून घ्या, कारण ज्याने जो कोड लिहिला त्याचा कॉपीराइट त्याच्याकडे राहतो. पुढे लायसन्स बदलायचं झालं तर तिघांचाही होकार लागेल.

आता चोरीची भीती. परीक्षक म्हणून बसते तेव्हा ‘फायनल’ नावाचा एकच भलामोठा कमिट (कोडमधल्या बदलांची नोंद) असलेला रेपो आला की मी आधी तो कोड कुणाचा हे शोधायला लागते. गिट या कमिट ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली तारीख लिहिणाऱ्याच्या मशीनवरून येते, हवी ती घालताही येते; त्यामुळे प्रायव्हेट रेपोतल्या तारखा साक्षीला फारशा उपयोगी नाहीत. नियमांत मनाई नसेल तर आजच खुला करा, म्हणजे काम तुमच्याच हातून टप्प्याटप्प्याने झालेलं सगळ्यांना दिसेल. पण लायसन्सची फाइल आधी टाका. तिच्याशिवाय कोड सगळ्यांना दिसला तरी कायद्याने सर्व हक्क राखीवच राहतात, म्हणजे तो ओपन सोर्स नव्हे.

खुला करण्यापूर्वी रेपोचा इतिहास चाळा. नमुन्यासाठी घरच्यांची बिलं किंवा कुणाचे वैद्यकीय अहवाल टाकले असतील (स्कॅनच्या टूलमध्ये हटकून असतात!), तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. खोटी बिलं तयार करा आणि नव्या इतिहासाचा स्वच्छ रेपो सुरू करा. इथे मात्र आधीचे कमिट गेले तरी चालतील, रीडमीत (टूलची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) कारण लिहा. एखादी एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त किल्ली) त्यात गेली असेल तर ती रद्द करून नवी घ्या.

रीडमीचं एवढंच सांगते : पायटेसरॅक्ट हे पायथनमधून टेसरॅक्ट वापरण्यापुरतं नुसतं वेष्टन आहे. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) ते बसवलं तरी टेसरॅक्टचं इंजिन येत नाही, ते वेगळं बसवावं लागतं. आणि इंग्रजीखेरीज भाषा वाचायची तर तिची ट्रेनडेटा फाइलही (ती भाषा ओळखायला लागणारी माहिती) लागते. तुमच्या मशीनवर हे सगळं कधीचंच बसलेलं असल्यामुळे लिहायचं राहून जातं, आणि परीक्षकाला पहिल्याच कमांडला एरर येते. तुमचं टूल कधीही न पाहिलेल्या माणसाला कोऱ्या मशीनवर फक्त रीडमी वाचून ते चालवायला द्या. तुम्ही मागे गप्प उभे राहा.

व्यावसायिक वापरावर मनाईची ती ओळ घालू नका. ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत कुठल्याही क्षेत्रातला वापर रोखता येत नाही, त्यात धंदाही आला. ती ओळ घातलीत की प्रवेशिका स्पर्धेच्या अटीतच बसणार नाही.