महायुद्धातल्या वैमानिकांचं लेदर जॅकेट : जुनं मागवावं की इथे शिवून घ्यावं?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांसारखं जॅकेट हवंय, तर परदेशातून जुनं मागवावं की इथेच शिवून घ्यावं, आणि पाठीवर चित्र, छातीवर बिल्ले करून घेतले तर बरं दिसेल का. माझं मत आधीच सांगतो : घालायला हवं असेल तर बकरीच्या चामड्याचं शिवून घ्या. जमवायला हवं असेल तर जुनं घ्या, पण मग त्याला रंगाचा ब्रश लावू नका.

आधी एक गोंधळ दूर करू. सिनेमात दिसणारं, फरच्या कॉलरचं आणि बिल्ल्यांनी भरलेलं जॅकेट अमेरिकन नौदलाचं, जी-1 घराण्यातलं. मेंढीची जाड लोकर आतून असलेलं बोजड बी-3 हे बॉम्बर विमानातल्या लोकांचं. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस अंशात, उघड्या खिडकीशी बंदूक घेऊन उभं राहणाऱ्यासाठी ते होतं. पुण्याच्या थंडीत ते घालून कोथरूडहून स्वारगेटपर्यंत जाऊन दाखवा. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला हवंय ते ए-2 : साधी शर्टासारखी कॉलर, पुढे चेन, झाकणाचे दोन खिसे, मनगटाला आणि कंबरेला लोकरीची विणलेली पट्टी. 1931 मध्ये अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने ते मंजूर केलं, आणि सरकारी यादीत त्याची नोंद उन्हाळी जॅकेट अशी होती. त्यामुळे आपल्या हवेत ते डिसेंबर-जानेवारीत, पहाटे दुचाकीवर, खरंच वापरता येतं. 1943 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी चामड्याच्या जॅकेटांची नवी कंत्राटं थांबवून कापडी जॅकेटांना पसंती दिली. म्हणजे अस्सल माल ऐंशी वर्षांहून जुना आहे, आणि तो वाढणार नाही.

जुनं घ्यायचं तर कॉलरखालची कापडी पट्टी आधी बघा. तिच्यावर ‘टाइप ए-2’, ड्रॉइंग नंबर 30-1415, कंत्राटाचा क्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव असतं : रफ वेअर, एअरो लेदर, ड्यूबो, पेरी अशी बरीच नावं आहेत. प्रत्येकाची कॉलर, खिशाचा आकार, शिवण थोडी वेगळी असते आणि मुरलेले संग्राहक फोटोवरूनच कंत्राट ओळखतात. चेन आणि विणलेल्या पट्ट्या बहुधा नंतर बदललेल्या निघतात. त्यात गैर काही नाही, विकणाऱ्याने तसं सांगितलेलं असलं की झालं. खरी फसवणूक असते ती पाठीवरच्या चित्रात. बॉम्बर विमानाचं नाव आणि प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब रंगवलेलं जॅकेट साध्या जॅकेटच्या कितीतरी पट किमतीला जातं, म्हणून साधं जॅकेट घेऊन त्यावर आज चित्र काढणारे लोक आहेत. जुना रंग चामड्याच्या सुरकुतीबरोबर तडकलेला असतो. नव्याने मारलेला रंग त्या सुरकुतीत उतरून बसलेला दिसतो. भिंग घेऊन कोपराजवळ आणि पाठीच्या मध्यावर हे तपासता येतं.

आणि जुनं जॅकेट अंगात बसेल याची खात्री धरू नका. त्या काळची मुलं बारीक होती, जॅकेटची बेतणी अंगासरशी होती, आणि पँट बेंबीपर्यंत चढवलेली असायची. ए-2 कंबरेच्या बेल्टपाशीच संपतं. आजच्या कंबरेखालच्या जीन्सवर घातलं की हात वर करताच शर्ट बाहेर. नेहमीच्या नंबरावर जाऊ नका. तुम्हाला नीट बसणारं एखादं जॅकेट जमिनीवर सपाट ठेवून काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि कॉलरच्या शिवणीपासून खालपर्यंत टेप लावा, आणि तीच मापं विकणाऱ्याकडून मागा.

नव्या नकलांमध्ये जपानचे बझ रिक्सन्स आणि द रिअल मॅककॉइज, इंग्लंडचे ईस्टमन, स्कॉटलंडचे एअरो लेदर ही मंडळी टाका न् टाका मोजून काम करतात. माल देखणा. किंमत सहज हजार डॉलरच्या वर, शिवाय कस्टम्स. परवडत असेल तर बिनदिक्कत घ्या.

मी स्वतः धारावीत शिवून घेतलं, आणि तेच तुम्हाला सुचवतो. मूळ जॅकेटं बहुतेक घोड्याच्या चामड्याची होती, ते इथे मिळत नाही. पण काही कंत्राटं बकरीच्या चामड्याची होती आणि नौदलाची तर बकरीचीच, तेव्हा बकरी म्हणजे तडजोड नव्हे. धारावीत बकरीचं चामडं मुबलक आहे. अडचण जाडीची येते. फॅशनच्या जॅकेटला पाऊण मिलिमीटरच्या आसपासचं, लोण्यासारखं मऊ नप्पा चामडं लावायची सवय असते. ‘साहेब, हे हलकं पडतं, गिऱ्हाइकं हेच मागतात,’ असं तुम्हाला ऐकवतील. तुम्ही एक मिलिमीटरच्या वरचं, दाणा दिसणारं मागा. सुरुवातीला ते पुठ्ठ्यासारखं वाटेल. बाह्यांच्या आतल्या बाजूला वळ्या पडायला लागल्या की ते तुमचं होतं.

कारागिराला नमुना म्हणून फोटो पुरत नाही, कारण नजर चित्रावर जाते आणि हात सवयीप्रमाणे चालतो. काही गोष्टी तोंडी, दोनदा सांगाव्या लागतात. पाठ एका सलग तुकड्याची हवी. बकरीचं कातडं लहान असतं, म्हणून मध्ये जोड देण्याचा मोह होतो. मोठी कातडी निवडून ठेवायला सांगा. कॉलरची टोकं खाली धरणारी टिचबटणं दडवलेली असतात, वरून दिसत नाहीत. खिशांना बाजूने हात घालायची सोय नसते (खिशात हात घालून उभं राहणं सैनिकाला शोभत नाही, असं त्यामागचं कारण सांगतात). खांद्यावरच्या पट्टीला चौकट आणि तिच्यात फुली अशी शिवण येते. माझ्या कारागिराने पहिल्यांदा सरळ दोन टाके मारले होते. फुली दाखवल्यावर त्याने हसून उसवलं आणि मग ती इतकी रेखीव घातली की आता बघणारे आधी तिथेच बोट ठेवतात. अस्तर सुती घ्या, सॅटिन नको. चेन पितळी किंवा स्टीलची. आणि ‘व्हिंटेज लुक’ म्हणून शिवणींवर सँडपेपर घासून फिकट पट्टे काढून देतो म्हणाला तर हात जोडा.

आता चित्राबद्दल. नव्या जॅकेटवर जरूर करा. तेव्हाही तुकडीतलाच एखादा चित्र काढणारा गडी चार पैसे घेऊन रंगवायचा. जागा आधी कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन पुसा म्हणजे वरचं पॉलिश निघेल, मग चामड्यासाठी मिळणारा ॲक्रिलिक रंग पातळ थरांत, प्रत्येक थर वाळवून लावा. जाड थर पहिल्याच आठवड्यात तडकतो. काय रंगवायचं ते मात्र जपून ठरवा. 1943 च्या अखेरीस जर्मनीवर पाडलेल्या एका बी-17 बॉम्बर विमानातला बॉम्बार्डियर (नेम धरून बॉम्ब टाकणारा) पकडला गेला, त्याच्या पाठीवर विमानाचं नाव होतं ‘मर्डर इंक.’, म्हणजे ‘खून कंपनी’. जर्मन वर्तमानपत्रांनी तो फोटो छापून अमेरिकन वैमानिक म्हणजे भाड्याचे गुंड असा प्रचार चालवला. बिचाऱ्याने नाव ठेवलंही नसेल. दुसऱ्या कुणाच्या मोहिमांचे बॉम्ब स्वतःच्या पाठीवर काढून घेणं मला तरी पटत नाही. आपलं काही काढा.

बिल्ल्यांमध्ये एक आपल्याशी खरंखुरं नातं सांगणारा आहे : चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा. खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर एका बाजूला चिनी सूर्य आणि दुसरीकडे ‘स्टार ऑफ इंडिया’ हा तारा. आसामातून हिमालय ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला विमानाने माल नेणाऱ्या लोकांच्या जॅकेटांवर तो असायचा, आणि त्यातले कित्येक बिल्ले इथल्याच कारागिरांनी रंगीत चामड्याचे तुकडे जोडून केलेले होते. संग्राहक आज त्यांच्यासाठी भांडतात. तसा एक हाताने करवून घेतला तर धारावीच्या जॅकेटवर तो अगदी आपल्या घरी आल्यासारखा बसेल. भारतीय हवाई दलाचे चालू बिल्ले मात्र लावू नका. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तसं काही मिरवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

राहिला पावसाळा. जून लागला की प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी हमखास. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती चादरीखाली, पंखा लागेल अशा जागी टांगा आणि अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा. उन्हात वाळवू नका. कफ आणि कंबरपट्टी सगळ्यात आधी सैल होतात, कसरही तिथेच लागते, आणि दोन वर्षांनी त्याच रंगाची लोकर शोधत बसावं लागतं. शिवायला टाकतानाच एक जोडी जास्तीची विणून मागून घ्या.