‘मुळे’ या दोन अक्षरांवर अडलेला कॉम्प्रेसर

प्रश्न (इंदूर): आमचं भंवरकुआजवळ छोटं वसतिगृह आहे. बोरिंगच्या पाण्यातली उष्णता घेऊन नळाचं पाणी तापवणारा २० किलोवॉटचा हीट पंप ५ लाख ८० हजारांना घेतला. कॉम्प्रेसरची वॉरंटी तीन वर्षांची. तो एकोणिसाव्या महिन्यात जळाला. ‘पाण्याच्या बाजूची देखभाल केली नाही’ म्हणून कंपनीने ईमेलवर हात वर केले. त्याला चौदा महिने झाले. आता काय करावं?

उत्तर: ताई, मुलं सोडून गेली त्याचं भाडं, मनस्तापाची भरपाई, डीलरलाही ओढायचं का, हे सगळं नंतर. वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. तुमचं प्रकरण तिथल्या नवव्या कलमातल्या एका शब्दयोगी अव्ययावर उभं आहे: ‘पाण्याच्या बाजूला क्षार साचल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही.’ साचल्या‘मुळे’, म्हणजे बिघाडाचं कारण क्षारच हवा. दर तीन महिन्यांनी सफाई करून नोंद ठेवावी, हे दहावं कलम सांगतं; नोंद न ठेवल्यास वॉरंटी रद्द, असं ते कुठेही म्हणत नाही. कंपनीच्या ईमेलने ही दोन कलमं गुपचूप एकत्र शिवली आहेत.

अपवादावर बोट ठेवणाऱ्याने तो लागू होतो हे दाखवायचं असतं. विम्याच्या दाव्यांत हे तत्त्व पक्कं आहे. वॉरंटीलाही लावता येतं, पण ग्राहक आयोग लावेलच असं लिहून देत नाही. शिवाय कंपनीचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंय. ‘पाणी जड, डिस्केलिंग सुचवले’ (म्हणजे क्षार काढून घ्या) असं लिहिलेल्या दोन व्हिजिट स्लिपांवर तुमची सही आहे, आणि नोंदवहीची पाच तिमाह्यांची पानं कोरी आहेत. आता ती मागच्या तारखा टाकून भरू नका. एकसारख्या शाईतली वही उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही.

तेव्हा वहीपेक्षा बरा साक्षीदार शोधायचा. तो यंत्रातच आहे.

क्षार बसतो तो प्रामुख्याने गरम बाजूला, म्हणजे कंडेन्सरमध्ये, जिथे पाणी ५०-५५ अंशांपर्यंत तापतं. थर चढला की उष्णता पाण्यात उतरत नाही, गॅसचा दाब चढतो आणि हाय प्रेशर स्विच यंत्र बंद करतो. एकदा नाही, पुन्हापुन्हा. म्हणजे क्षारामुळेच कॉम्प्रेसर गेला असेल तर आधीच्या आठवड्यांत कंट्रोलरच्या अलार्म यादीत हाय प्रेशरची रांग दिसायला हवी. त्याऐवजी लो प्रेशर दिसलं तर संशय दुसरीकडे जातो: गाळणीत अडकलेली रेती, बोरिंगचा कमी झालेला प्रवाह किंवा गॅसची गळती. फेज तुटल्याचा अलार्म असेल तर कॉम्प्रेसरच्या मोटरचं वायंडिंग (तारांची वेटोळी) विजेने जाळलं. मग कंपनी विजेचं कलम काढेल. पण नकाराच्या ईमेलमध्ये ते कारण नाही, आणि नकार देताना न सांगितलेलं कारण मागाहून पुढे केलं तर त्याला जोरदार हरकत घेता येते.

म्हणून कंट्रोलर बोर्डाला कुणालाही हात लावू देऊ नका. कंपनीचा माणूस ‘फुकट बदलून देतो’ म्हणाला तर मुळीच नाही. बोर्ड गेला की यादी गेली. आजच स्क्रीनवरची अलार्म यादी तारखांसकट व्हिडिओत घ्या. २०२४ च्या १ जुलैपासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत फारसे अडकत नाहीत, तरी त्यातलं प्रमाणपत्र जोडाच.

दुसरी तपासणी कॉम्प्रेसर मेलेला असतानाही होते, कारण पंप लावला की पाणी फिरतं. कंडेन्सरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळ्यांवर प्रेशर गेज लावा, आणि त्याच प्रवाहाला यंत्र बसवलं त्या दिवशीच्या कमिशनिंग शीटवर दाबाचा फरक किती होता, त्याच्याशी ताडून पाहा. फरक जवळपास तोच आला तर ‘क्षाराने चोंदलं’ ही गोष्ट लंगडी पडते. पूर्ण पडत नाही: पातळ थर दाबात दिसत नाही, तरी उष्णता अडवतो. बोरिंगच्या बाजूला बादली आणि घड्याळ पुरे. २० किलोवॉटच्या यंत्राला तिथे पाच अंशांच्या फरकावर मिनिटाला साधारण ४३ लिटर लागतात. परतीच्या नळीखाली २० लिटरची बादली २८ सेकंदांच्या आसपास भरायला हवी. पन्नास सेकंद लागले तर आधी गाळणी उघडा, फोटो काढून.

जळका कॉम्प्रेसर डीलरकडे पडून आहे म्हणता. भंगारात जाण्याआधी तो लेखी पावतीवर ताब्यात घ्या. तो वेल्डिंगने बंद असतो; कापायचा तर दोन्ही पक्षांसमोरच. तिन्ही वायंडिंग सारखी काळी पडली असतील तर अतितापाचा संशय. एक-दोनच जळून बाकीचं धड असेल तर सहसा फेज तुटलेली असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ खाली दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीसोबतच तो अर्ज द्या, फी भरायची तयारी ठेवा.

मुदत: कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं. ती ईमेलपासून मोजू नका, कॉम्प्रेसर जळाला त्या दिवसापासून मोजा. वादाला जागाच नको. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, आणि तुम्ही अकरा पाठवलीत. तक्रार इंदूरलाच चालेल, कंपनी कुठलीही असो. किंमत पाच ते दहा लाखांत असल्याने फी २०० रुपये. वसतिगृह म्हणजे व्यापारी हेतू, असा आक्षेप येईल. स्वतः चालवून पोट भरता हे दाखवता आलं तर कलम २(७) मधल्या ‘ग्राहक’ व्याख्येच्या स्पष्टीकरणात बसाल; नोकरांवर चालतं असेल तर कठीण. कंपनीला उत्तरासाठी ३० अधिक १५ दिवस, पुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय. चाचणी असेल तर पाच महिन्यांत निकाल, असंही कायदा म्हणतो. त्या ओळीवर विसंबून गीझर विकू नका.

एक गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत: ‘मध्ये प्लंबरने ॲसिड फिरवलं.’ कोणतं? सायट्रिक किंवा सल्फॅमिक असेल तर ती रीतसर सफाई, आणि प्लंबरची पावती तुमच्याच कामाची. बाजारातलं हायड्रोक्लोरिक असेल तर त्यातलं क्लोराइड स्टीलच्या प्लेटा खातं, छिद्र पडून पाणी गॅसमध्ये शिरतं आणि कॉम्प्रेसर त्यानेच जातो. तसं झालं असेल तर नववं कलम विसरा. आधी बाटली आणि पावतीची तारीख कळवा, मग तक्रारीचा मसुदा.