ॲलिस बघायला बसण्याआधी

घरी परीकथांवरचे भीतीदायक सिनेमे बघायचे असतील तर सुरुवात चेक दिग्दर्शक यान श्वांकमायरच्या १९८८ च्या 'ॲलिस'पासूनच कर, पण आधी लुइस कॅरलच्या मूळ 'ॲलिस इन वंडरलँड' पुस्तकाची निदान पहिली दोन प्रकरणं वाच. दिग्दर्शकाने काय मोडलंय ते त्याशिवाय कळत नाही. लांबी दीड तासाच्या आत आहे, त्यामुळे मध्यंतर घेऊ नको. चेक आवाज आणि सबटायटल्सच घे. दर संवादानंतर पडद्यावर नुसते मुलीचे ओठ येतात, 'असं ससा म्हणाला' म्हणायला. डबिंगमध्ये त्या ओठांशी शब्दांचा मेळच बसत नाही.

सशाकडे नीट बघ. तो पेंढा भरलेला, खिळ्यांनी ठोकलेला आहे. खिळे उपटून तो निघतो, पोट उसवतं, भुसा सांडतो आणि छातीतून काढलेल्या घड्याळावरचा भुसा तो चाटतो. भीती राक्षसाची नाही, ओळखीच्या वस्तूंची आहे.

पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. करकर, खडखड, कात्रीचा आवाज, सगळी जादू त्यात. म्हणून जुलैच्या पावसात पत्र्याखाली शो ठेवू नको, अर्धा सिनेमा बुडतो. बाल्कनीतही नको, रस्त्याच्या दिव्याने काळे भाग राखाडी दिसतात. आतली खोली, खिडक्यांना जाड चादरी, स्पीकर पडद्याशेजारी.

मग वॉल्टर मर्चचा १९८५ चा 'रिटर्न टू ओझ', 'विझार्ड ऑफ ओझ'ची पुढची गोष्ट. कॅन्ससमधला डॉक्टर आणि ओझमधला खलनायक नोम राजा एकाच नटाने केलेत, म्हणून कॅन्ससचा सुरुवातीचा भाग कंटाळून पुढे पळवू नको. लहान भाचरांना मात्र बसवू नको; मुंडकी बदलणारी चेटकीण मोंबी त्यांना झोपू देणार नाही.