लवचीक कोण, हवामान की आपण?

प्रश्न असा आहे: एका प्रादेशिक विकास आराखड्याचं मराठीकरण चाललं आहे. त्यात ‘क्लायमेट रेझिलियन्स’साठी (हवामानाचे धक्के सोसून टिकणं) ‘हवामान लवचिकता’ आणि ‘ग्रीन ग्रोथ’साठी (निसर्ग राखून होणारी आर्थिक वाढ) ‘हरित विकास’ चालेल का?

पहिलं चालणार नाही. अहवालांत, भाषणांत, प्रशिक्षणाच्या फलकांवर हा शब्द इतका बोकाळला आहे की तो दिसला की पुढचं वाचवत नाही. समासाचा विग्रह करून पाहा: हवामानाची लवचिकता. म्हणजे लवचीक कोण, तर हवामान! सांगायचं असतं ते नेमकं उलट. हवामान आपल्यासाठी वाकणार नाही, तरी प्रदेशाचा संसार मोडू नये. ‘रोगप्रतिकार’ म्हटलं की अर्थ लागतो, कारण प्रतिकार कशाचा तरी असावाच लागतो. लवचिकतेला तशी गरज नाही, म्हणून ती थेट हवामानालाच जाऊन चिकटते.

यावर हमखास लव्हाळ्याचा दाखला येतो: लवणं म्हणजे वाकणं, आणि पुरात वाकतो तोच वाचतो. दाखला सुंदर आहे, पण इथे गैरलागू. पूर ओसरला की लव्हाळं होतं तसं उभं राहतं. नदीखोऱ्याचं तसं होत नाही आणि पुष्कळदा होऊही नये. कॅनडाचे परिस्थितिकीतज्ज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली या संकल्पनेची मांडणी केली, तेव्हा मूळ स्थितीत परत येण्याला त्यांनी ‘स्थैर्य’ म्हटलं आणि रेझिलियन्स त्यापासून वेगळा काढला: धक्के पचवून, स्वतः बदलूनही व्यवस्थेतले परस्परसंबंध टिकणं. मराठी परिभाषा ठरवणाऱ्यांनी ‘रेझिलियन्स’च्या लॅटिन धातूत ‘मागे उडी मारणे’ हा अर्थ पाहिला आणि तिथेच थांबले. शब्द ज्या शास्त्रातून आला ते शास्त्र उघडून पाहण्याची तसदी घेतली नाही. (‘हवामान-प्रतिरोधक’ हा तर निव्वळ भिंतीचा शब्द. तो सोडूनच द्या.)

मराठीत ‘तग’ आहे. तग धरणं, तगून राहणं. याहून नेमकं काय हवं? पण मला सांगायचं आहे ते त्याच्या शेजारच्या शब्दाबद्दल, ‘तकवा’बद्दल. ‘ताप गेला, पण अंगात तकवा नाही’ यातला तकवा. अरबीत क़-व-य हा बळाचा धातू. त्यावरून क़ुव्वत, म्हणजे आपली ‘कुवत’. त्यावरूनच ‘तक़वियत’, बळ देणं, आणि आपला ‘तकवा’. आणि त्यावरूनच ‘तक़ावी’, म्हणजे शेतकऱ्याला उभं राहायला दिलेली उचल. तीच आपली तगाई! इजिप्तच्या बोलीत ‘तक़ावी’ म्हणजे आजही पेरणीचं बियाणं. कुवत, तकवा, तगाई ही सख्खी भावंडं आहेत, हे कळल्यावर हवामानाच्या आराखड्याला परके शब्द का शोधावेत?

तकव्याचा संबंध धर्मभीरुतेच्या ‘तक्वा’शी जोडणारे विद्वान भेटतात. त्यांना एकच सांगणं: त्या शब्दाचा धातू व-क़-य, जपणं, राखणं. उच्चार जुळला म्हणून धातू जुळत नाही, आणि अरबी कोश उघडला तर हे पहिल्याच फटक्यात दिसतं.

आता माझं मत. ‘तगावी’चं ‘तगाई’ झालं ते निव्वळ उच्चाराच्या सोयीनं नव्हे. शेजारी ‘तगणं’ उभं होतं, त्यानं हा परका शब्द आपल्या घरात ओढून घेतला. शेतकऱ्याच्या कानाला तगाई म्हणजे तगवणारी रक्कम. इंग्रजी अमदानीतले दोन तगाई कायदेच पाहा. १८८३चा जमीन सुधारणा कर्जाचा: विहीर, तलाव, बांध यांसाठी. १८८४चा शेतकरी कर्जाचा: बियाणं, जनावरं आणि आपत्तीतली नड यांसाठी. पहिला आधीची तयारी, म्हणजे तग. दुसरा नंतरची उभारी, म्हणजे तकवा. आजचे हवामान आराखडे याच दोन कप्प्यांत पैसा मागतात. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

आणि हा आराखडा ‘प्रादेशिक’ का, तर एका गावाला एकट्यानं तग धरता येत नाही म्हणून. नेदरलँड्समध्ये १९९५च्या पूरसंकटात सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी नदीलाच जागा करून द्यायचं ठरवलं. नूर्डवार्ड नावाच्या शेतीच्या पट्ट्याचे बांध ठिकठिकाणी खाली घेतले, म्हणजे मोठ्या पुरात पाणी तिथे शिरतं आणि गोरिंकेम शहरापाशी पुराची पातळी सुमारे ३० सेंटीमीटरनं उतरते. काही शेतकरी उठून गेले, राहिलेल्यांची घरं उंचवट्यावर बांधली गेली. शहर कोरडं राहतं ते कोणाच्या तरी शिवारात पाणी घेतल्यामुळे, आणि हा व्यवहार प्रदेशाच्या पातळीवरच ठरू शकतो. यात लवचीक काय आहे? शेत वाकलं नाही, त्याचा उपयोगच बदलला.

‘हरित विकास’चं उत्तर राहिलं. ग्रोथ म्हणजे वाढ किंवा वृद्धी; विकास हा ‘डेव्हलपमेंट’साठी राखून ठेवा. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या २०११च्या हरित वाढीच्या व्याख्येत आर्थिक वाढ आणि विकास हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. पहिल्यालाच ‘विकास’ देऊन बसलात तर दुसऱ्याला काय देणार?

तेव्हा शीर्षक करा: ‘हरित वाढ आणि हवामानबदलात तग धरणारा प्रदेश’. आत नाम लागेल तिथे ‘तग धरण्याची क्षमता’, आणि आपत्तीनंतरच्या भागात बिनधास्त ‘तकवा’. ‘लवचिकता’ही वाया जाणार नाही. पाच वर्षांनी पर्जन्यमान पाहून जे कलम बदलण्याची मुभा आराखड्यात ठेवली असेल, ते खरोखर लवचीक. तिथे तो शब्द वापरा.